मध्येच तुटलेली रेघ

"मावशी, ही तांबडी रेघ दिसते ना? या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या भोकांत एकच वीज. मग तुमचाच दिवा का लागत नाही?"

तेंग सरांचा आवाज चढला, तशी तैवानमधल्या ताइनानच्या देवळामागच्या वीजजोडणीच्या वर्गातली म्हातारी मंडळी माना खाली घालून बसली. लो सियू-चिन मावशींनी ब्रेडबोर्डमधली, त्या भोकाभोकांच्या जोडपाटीतली, तार उपटून पुन्हा त्याच भोकात खोचली. दिवा ढिम्म.

"हातच जड आहेत माझे. माफ करा, सर."

"हातांना कशाला दोष देता? लक्ष कुठे असतं तुमचं?"

दोघं-तिघं हसले. मावशींनी सामान पिशवीत भरलं.

त्यांचं लक्ष घरी असायचं. झटक्याने नवऱ्याची वाचा गेली होती. हाक मारायची तर तो पलंगाच्या दांड्यावर चमचा आपटायचा, आणि स्वयंपाकघरात तळण चालू असलं की मावशींना ते ऐकू येत नसे. त्याच्या हाताशी बटण आणि चुलीजवळ दिवा, एवढ्यासाठी त्या शिकायला आल्या होत्या.

पुढच्या वर्गाला त्या आल्याच नाहीत.

तेंग सरांचं आयुष्य टीव्ही दुरुस्त करण्यात गेलेलं. भोकात तारा खोचणं त्यांना पोरखेळ वाटे. या वेळचे बोर्ड नवे होते आणि त्यांनी ते न तपासताच वाटले होते. त्या दिवशी दाखवताना त्यांनी दिवा पलीकडच्या टोकाला लावला. लागेना. सेल बदलला, दिवा बदलला. मग चष्मा चढवून पाहिलं, तर तांबडी रेघ मध्यावर तांदळाच्या दाण्याएवढी तुटलेली. पलीकडच्या अर्ध्या भागात वीज जातच नव्हती. जुन्या बोर्डांवर ती सलग असायची. बाकीच्यांनी सगळं अलीकडच्या अर्ध्यातच कोंबलं होतं, म्हणून त्यांचे दिवे लागले. मावशींनी तेवढं पार टोकापर्यंत ऐसपैस, नीटनेटकं मांडलं होतं.

सरांचे कान तापले.

मावशींच्या दारात चपला काढताना आतून चमच्याचा आवाज आला. मावशी पेरू कापत होत्या.

"तुम्ही कशाला त्रास घेतलात, सर? माझ्या डोक्यात नाही शिरायचं ते."

बटणाची तार पलंगापर्यंत आणि दिव्याची चुलीपर्यंत मावशींनी नेलेलीच होती; सरांनी मधला बोर्ड मागितला. तुटल्या जागी आखूड तार खोचली. बटणाच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना टेकवल्या, तसा चुलीजवळ दिवा लागला.

"बाई गं! सर, तुम्ही म्हणजे..."

हे कौतुक निमूट घेऊन निघून जाता आलं असतं. सरांनी पेरूच्या बशीकडे पाहिलं.

"तुमचं काही चुकलं नव्हतं, मावशी. बोर्ड मी बघितला नव्हता. आणि ओरडलो तुमच्यावर, चारचौघांत."

मावशी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हात पुसत आतल्या दाराशी गेल्या.

"अहो, ऐकलंत का? मी बरोबर जोडलं होतं. रोज उगाच तुमची माफी मागत होते मी."

आत चमचा थांबला. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला.

"बोलावताहेत तुम्हाला," सर कसेबसे म्हणाले.

"मला नाही," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला पेरू द्यायला सांगताहेत."

सरांनी बशी दोन्ही हातांनी घेतली. दिव्याकडे त्यांना बघवेना.