मला डॉक्टर करू नका

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझा जन्म बिस्किटांसाठी झाला. झाकणावर अजून दोन मोर आहेत, त्यातल्या एकाची मान पोचा पडून गेली आहे. पण गेली पाच वर्षे अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावात लोक मला दवाखाना समजतात, आणि त्याचाच मला संताप आहे.

सत्यजित पीएच.डी.साठी निघाला, तेव्हा त्याच्या आईने, शैलजाताईंनी, सांगलीच्या घरी मला घासूनपुसून गोळ्यांनी भरले. प्रत्येक पाकिटाला चिठ्ठी लावली. 'ताप आल्यास.' 'पोटात दुखल्यास, जेवणानंतर एक.' तिकडे औषधपाणी महाग असते, एवढे त्यांनी ऐकले होते.

इथे माझा भाव वधारला. फ्रिजवर मानाची जागा मिळाली. शेजारची हिमानी खोकला झाला की यायची. "यार, क्लिनिकपेक्षा हाच बरा. अपॉइंटमेंट नको, इन्शुरन्स नको!" मी फुशारून जायचो. जळो मेला तो तोरा!

तिसऱ्या वर्षी सत्यजितच्या पोटात कळ आली. शहाण्यासारखा तो हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेला. सहा तास खुर्चीवर बसवले. डॉक्टर आला आणि चार मिनिटांत 'गॅस' म्हणून निघून गेला. मग सोळाशे डॉलरचे बिल आले, त्याच्या महिन्याच्या स्टायपेंडहून जास्त. विमा कंपनीने कळवले, ही इमर्जन्सी नव्हतीच, पैसे देणार नाही. अहो, गॅस आहे की आणखी काही, हे आजाऱ्याने घरूनच ओळखून यायचे होते काय? चोर तो चोर आणि वर शिरजोर!

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा कळ आली. या वेळी त्याने माझे झाकण उघडले. 'पोटात दुखल्यास'. एक गोळी, मग दुसरी, असे दोन दिवस. दुखणे दबले, आत अपेंडिक्स सडत राहिले. मला तोंड असते तर मी बोंब ठोकली असती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो पोट धरून जमिनीवर पडलेला त्याच्या रूममेटला, शंतनूला, दिसला.

"थांब, ॲम्ब्युलन्स कॉल करतो."

"नको रे! तिचं वेगळं बिल येतं. बस आहे ना."

डॉक्टरांना गोळ्या दाखवायला शंतनूने मला पाठपिशवीत टाकले, म्हणून मी सगळे पाहिले. अपेंडिक्स फुटलेला मुलगा बर्फात बसची वाट बघत उभा होता. एवढ्या श्रीमंत देशात! हॉस्पिटलात पोहोचल्यावर पहिला प्रश्न काय, तर इन्शुरन्स कार्ड कुठे आहे? लाज वाटायला हवी होती कोणाला तरी!

तो वाचला. एकोणीस दिवसांनी घरी आला, तेव्हा पँट कमरेवर राहत नव्हती. आईला काहीच सांगितले नव्हते. त्याच आठवड्यात तिचा फोन आला.

"डब्यातल्या गोळ्या लागल्या का रे?"

"हो आई. खूप उपयोग झाला."

ऑपरेशनची बिले अजून येतात, आणि नेमकी माझ्याच खाली ठेवली जातात. मित्रांनो, सर्दीखोकल्याला माझे झाकण खुशाल उघडा. पण बिलाच्या भीतीपोटी मला डॉक्टर करू नका. मी पत्रा आहे, मला नाडी कळत नाही.

ती चिठ्ठी सत्यजितला फाडवली नाही, आईचे अक्षर होते ना. 'पोटात दुखल्यास'च्या पुढचे त्याने खोडले आणि खाली लिहिले, 'हॉस्पिटल. बसने नको.'