डोंगराकडे डोकं

“मानोय, अर्धी गावं उलटी लिहिलीत तुम्ही,” मॅम ग्लोरिबेल म्हणाल्या.

सगळ्यांचा ‘मानोय’, म्हणजे थोरला भाऊ, असलेला सिल्वेरियो शिडीवरून उतरला. शाळेच्या भिंतीवर त्याने सबंध प्रांत रंगवला होता. प्रांत म्हणजे एकच गोल बेट, मधोमध डोंगर आणि काठाकाठाने गावं. त्यातल्या उत्तरेकडच्या गावांची नावं खाली डोकं वर पाय झाली होती.

“उलटी कुठायत? सगळ्यांची डोकी डोंगराकडेच आहेत.”

“नकाशात वर म्हणजे उत्तर असते.”

“तुमच्या सेबू शहरात असेल, मॅम. इथं वर म्हणजे डोंगर न् खाली म्हणजे समुद्र. माझ्या डोळ्यात कचरा गेला तरी मी डोंगराकडच्या डोळ्यात गेला असंच सांगतो.”

मॅमना हसू आलं. मग त्यांनी कचेरीतून आलेली गावांची यादी काढली आणि एकेक नाव ताडून पाहू लागल्या. तांबड्या अक्षरांपाशी त्यांचं बोट थांबलं.

“हे तुबोद कुठलं? यादीत नाही.”

“होतं.”

तो नऊ वर्षांचा असताना आईने त्याला मीठ आणायला आत्याच्या गावी धाडलं होतं. त्याच दिवशी डोंगर फुटला. आई, वडील, तिघी बहिणी, सगळं गाव राखेखाली गेलं. या गोष्टीला अडतीस वर्षं झाली. पुढे तो पाट्या रंगवायला शिकला. बेटावरच्या प्रत्येक गावाची पाटी त्याच्या हातची. फक्त तुबोदची कुणी मागितली नाही. नसलेल्या गावाला पाटी कोण करून घेणार? हे एक नाव कुठेतरी लिहायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

“परीक्षेत मुलं तेच लिहून बसतील हो,” मॅम हळू आवाजात म्हणाल्या. “माझ्या हातात असतं तर ठेवलं असतं.”

“कळतंय मला.” त्याने स्वतःच चिंधी रॉकेलात बुडवली. नाव पुसायला फार वेळ लागला नाही.

“आणि या उलट्या गावांचं काय करायचं?”

“भिंत सोडा. अंगणातल्या फरशीवर काढू. पोरं समुद्राच्या बाजूने चालत वाचतील. कुणी उलटं नाही न् कुणी सुलटं नाही.”

मॅमनी यादीची घडी घातली. “मुख्याध्यापक मला वेड्यात काढतील,” असं म्हणून त्यांनी होकार दिला.

चार दिवसांनी पोरांनी नव्या नकाशाभोवती धावत नावं ओरडून वाचली. एका जागी दोन गावांमध्ये हातभर फरशी कोरी होती. तिथे त्यांचा आवाज जरासा तुटायचा आणि पुन्हा पुढे जायचा. मॅमनी ते ऐकलं, पण यादी काही काढली नाही.

शाळा सुटली. सिल्वेरियोने ब्रश धुतले, डबे बांधले. मॅम त्याला कॉफीला बोलवायला दारात आल्या, तेव्हा तो त्या कोऱ्या जागेपाशी उभा होता.

त्याने समुद्राच्या निळ्या रंगाच्या अलीकडे चपला काढून ठेवल्या, पायाची धूळ झटकली आणि आत पाऊल टाकलं. डोंगराकडे तोंड करून तो नुसता उभा राहिला.

मॅम मागे फिरल्या आणि त्यांनी कॉफी झाकून ठेवली.