फियाट आणि डावा खांदा

शहाण्यासुरत्या माणसानं चाळीस वर्षांच्या फियाटवर एवढा जीव टाकावा का? नाही ना? पण कोथरूडचे रंगनाथराव टाकत होते, आणि म्हणूनच त्या रविवारी सकाळपासून त्यांनी धास्तीनं तिला तीनदा पुसून काढलं होतं.

त्याचं असं झालं. गेल्या दसऱ्याला झेंडूचा हार घालून नवराबायको फियाटमधून निघाले आणि पौड रोडवरच्या खड्ड्यानं स्टेअरिंग असं काही हिसकावलं, की गाडी थेट दुभाजकावर! कौशल्याताईंचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, आपण गाडी चालवता की कुस्ती खेळता? हिला सुधारा, नाहीतर विका. मी रिक्षानं जाईन." आणि गेल्या की हो! दहा महिने त्यांनी फियाटला हात लावला नाही. शेजारची सीट रिकामी ठेवून गाडी चालवायची, याचं रंगनाथरावांना फार वाईट वाटायचं.

शेवटी त्यांनी विश्रांतवाडीच्या वैजनाथ मिस्त्रीला गाठलं. त्यानं पुढचा सगळा भाग उघडला. झिजलेले बुश, सांधे, स्प्रिंगा, शॉक अब्सॉर्बर, सगळं नवं घातलं. जुन्या जड स्टेअरिंगला विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगची जोड दिली. चाकांची अलाइनमेंट तीनदा तपासली आणि म्हणाला, "काका, आता एका बोटानं फिरवा."

कौशल्याताईंनी एक संधी दिली. रविवारी हिंजवडीला लेकीकडे, उत्कर्षाकडे, जेवायला जायचं. "वाटेत एकदा जरी माझा जीव घाबरला, तर येताना मी कॅबनं. आणि उद्या गाडी विकायला काढायची."

चांदणी चौकापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. पण हायवेला लागले आणि रंगनाथरावांच्या लक्षात आलं, अरे देवा, गाडी डावीकडे ओढतेय! सरळ करावी, की पुन्हा डावीकडे. बाजूनं ट्रक भोंगा वाजवत गेला. त्यांच्या कपाळावर घाम आला. एवढा खटाटोप शेवटी पाण्यातच गेला म्हणायचा! बायको आता कधीच बसणार नाही, हे त्यांना दिसायला लागलं.

"अहो," कौशल्याताई शांतपणे म्हणाल्या, "गाडी नाही ओढत. तुम्ही ओढताय."

"मी? अगं, काहीतरीच काय!"

"डावा खांदा बघा कसा खाली पडलाय तो. ही बया जन्मभर उजवीकडे पळायची आणि तुम्ही तिला डावीकडे दाबून धरायचात. तीस वर्षं त्या खांद्याला तेल मीच चोळतेय, मला नाही कळणार? आता ती सरळ झालीय, तुम्हीही व्हा. हात सैल सोडा."

रंगनाथरावांनी हळूच पकड सोडली. बोटं नुसती टेकवून ठेवली. फियाट सुतासारखी सरळ निघाली. त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, की समोरची काच धुरकट झाली. मग त्यांना हसूच फुटलं. चोर गाडीत नव्हता, त्यांच्याच खांद्यात बसला होता, आणि त्यांनी बिचाऱ्या वैजनाथला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या! पुढचा रस्ता त्यांनी गुणगुणत काढला. खड्डे आले, पण चाकांनी ते खालच्या खाली गिळले.

उत्कर्षाच्या सोसायटीच्या गेटपाशी त्यांनी गाडी थांबवली. "काय मग, बाईसाहेब, येताना कॅब बोलवू का?" त्यांनी ऐटीत विचारलं.

आणि वळून पाहिलं. कौशल्याताई सीटला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. चाळीस वर्षांत या गाडीत त्यांचा डोळा कधी लागला नव्हता. एक हात कायम दाराची मूठ घट्ट धरून असायचा. आज तो मांडीवर मोकळा पडला होता. रंगनाथरावांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात लेकीचा फोन. "बाबा, कुठे आहात? पोळ्या गार होतायत!"

"होऊ देत," ते कुजबुजले. "आम्ही अजून एक चक्कर मारून येतो."

आणि एका बोटानं त्यांनी गाडी वळवली.