खळ्याचा हुकूम

"कोरटात लिवलेलं हाय," साखरबाई म्हणाली, तशा खळ्यातल्या सगळ्या बाया हसल्या.

हे वाक्य त्या साठ वर्षं ऐकत होत्या. दातिवऱ्याच्या किनाऱ्यावरचं हे मासळी सुकवायचं खळं. इथे बांबूच्या वलांडींवर बोंबील टांगायचे आणि खाली जवळा पसरायचा, हे काम आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे आलं होतं. कुणी नवी सून आली, की साखरबाई तिला पहिल्या आठवड्यात सांगायचीच, की या जागेचा निकाल माझ्या आयेनं कोर्टातून आणलाय. सून मान डोलवायची आणि विसरून जायची.

आज मात्र तलाठ्याची नोटीस आली होती. गावात पूर्वी मिठाची आणि लाकडाची वखार होती. त्या वखारवाल्यांच्या घरातला नातू दर्पण आता विरारला राहत होता. खळं आजोबा नारायण मोरेश्वर यांच्या वहिवाटीचं होतं, म्हणून सातबाऱ्यावर आपलं नाव लावा, असा त्यानं अर्ज केला होता. हरकत असेल त्यानं शुक्रवारी मंडळ अधिकाऱ्यांसमोर पुराव्यानिशी यावं. आज सोमवार होता.

"लिवलेलं हाय तर आन की," जमुना म्हणाली. जमुना साखरबाईची चुलत जाऊ, जिभेनं कोयत्यासारखी. "कोरटाच्या बाहेर बर्फाचा गोळा खाल्लास तो तुला आठवतंय. त्याचा रंग पन आठवतंय. कागद कुटं हाय ते नाय आठवत?"

"लाल व्हता," साखरबाई म्हणाली. "आनि कागद आननार."

नात तेजल बोईसरला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती. तिनं चार दिवसांची रजा टाकली. रात्री आजीनं तिला पुन्हा सगळं सांगितलं आणि या वेळी तेजलनं वहीत लिहून घेतलं. शेटचं दिवाळं निघालं. कोर्टाचा माणूस साखळी घेऊन आला आणि वखारीबरोबर खळंही मोजायला लागला. बाया आडव्या आल्या. मग ठाण्याला जाऊन बारा जणींनी अंगठे दिले. तानीबाईच्या, म्हणजे साखरबाईच्या आईच्या, अंगठ्याची शाई तीन दिवस गेली नाही. शाई मासळीला लागू नये म्हणून ती वाळूनं अंगठा घासत बसायची.

"साल कुठलं, आजी?"

"महाराष्ट्र झाला तवा शाळेत पेढे दिलते. त्याच्या फुडचं साल."

"एकोणीसशे एकसष्ट!" तेजल ओरडली. दिवाळखोरीचं प्रकरण म्हणजे कोर्टाचं उघडं दप्तर, कारण दाखवलं की कुणालाही नक्कल मागता येते, हे तिनं दुपारीच विचारून ठेवलं होतं. कागद असेल तर मिळणार होता.

मंगळवारी दोघी पालघरच्या कोर्टात नकलेच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. पालघर वेगळा जिल्हा झाल्यावर जुनी दप्तरं ठाण्याहून आली होती. खिडकीत ज्ञानेश नावाचा तरुण कारकून होता. त्यानं दिवाणी दाव्यांचं रजिस्टर चाळलं, मान हलवली आणि मग थांबला.

"दिवाळं म्हणालात ना? मग यात नसणार. नादारीचं रजिस्टर वेगळं असतं."

त्यानं आतून एक लांबडं रजिस्टर आणलं. पानं चहाच्या रंगाची झाली होती. सगळ्या जुन्या ठाणे जिल्ह्याचे नादारीचे अर्ज त्यात पहिल्या नावानं लावलेले होते. गाव लिहिलेलं नव्हतं. ज्ञानेशचं बोट 'न'च्या पानावरून वरून खाली गेलं आणि परत वर आलं.

"नारायण मोरेश्वर नाहीत. साठ ते चौसष्ट, सगळं पाहिलं."

तेजलचा चेहरा उतरला. साखरबाई मात्र कपाळाला आठ्या घालून उभी होती.

"नारानशेट जाडा व्हता," ती सावकाश म्हणाली. "तो मे महिन्यात आंबे खायाला यायचा. वखारीत बसायचा तो दुसरा. बारका. काळ्या टोपीचा. गो तेजल, दिवाळं बारक्याचं निघालं!"

"त्यांचं नाव काय, आजी?" ज्ञानेशनं विचारलं.

"वखारशेट."

"हे नाव नाही झालं. पूर्ण नाव लागेल."

साखरबाई आठवून पाहू लागली. शेटकडून तिनं मीठ आणलं होतं, चिंचेच्या गोळ्या आणल्या होत्या, एकदा शिव्याही खाल्ल्या होत्या. नाव मात्र कधी कानावर पडलं नव्हतं.

गावात परतल्यावर दोघी थेट काशीबाईकडे गेल्या. काशीबाई नव्वदीची, गावात सगळ्यांत म्हातारी.

"शेटचं नाव कोन घेनार?" ती उलट त्यांनाच रागावली. "शेटला शेट बोलायचं. तुजा बाप काय त्याला नावानं हाक मारीत व्हता?" मग ती म्हणाली, "देवीच्या देवलात बग. त्याच्या बायकोनं नवस केलता. पोर काय झालं नाय, पन घंटा दिली बिचारीनं."

देवळातली ती घंटा साखरबाईनं लहानपणापासून हजारदा वाजवली असेल. आज तेजल स्टुलावर चढली आणि चिंच-मिठानं घंटेच्या कडेचा काळवंडलेला, अक्षरं कोरलेला पट्टा घासू लागली. साखरबाई खालून स्टूल धरून उभी होती. जमुना नुसती बघायला आली होती. तिनंही दुसरी बाजू धरली.

"वि... विना... विनायक," काळं निघेल तसं तेजल वाचत गेली. "विनायक मोरेश्वर! आजी, बापाचं नाव तेच! म्हणजे नारायणशेटचे भाऊ!"

"उतर आदी," जमुना म्हणाली. "नाचू नको स्टुलावर."

बुधवारी खिडकी उघडायच्या आधीच तिघी हजर होत्या. तिसरी जमुना. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "वाटेत भूक लागंल," एवढंच म्हणून ती भाकऱ्या घेऊन आली होती.

"विनायक मोरेश्वर," ज्ञानेशनं वाचलं आणि तोही हसला. "नादारी अर्ज चौदा, सन एकसष्ट. आजी, तुमचं साल बरोबर आहे."

"आयकलास?" साखरबाई जमुनेला म्हणाली.

पण रजिस्टरात असणं वेगळं आणि हाती लागणं वेगळं. ज्ञानेश रेकॉर्ड रूममध्ये गेला तो दोन तास आलाच नाही. तिघींनी भाकऱ्या खाल्ल्या. साखरबाईनं आपली अर्धी परत फडक्यात बांधली. साठ वर्षं तिनं छातीठोक सांगितलं होतं, आणि आता तो कागद वाळवीनं खाल्ला असला तर? उद्यापासून तिचं बोलणं म्हणजे म्हातारीची बडबड. खळं जाईल ते निराळंच.

तो आला तेव्हा त्याच्या शर्टावर धूळ होती आणि हातात लाल फडक्याचा रुमाल. कोर्टात कागदांच्या गठ्ठ्याला रुमालच म्हणतात. एक कोपरा वाळवीनं खाल्ला होता. त्यानं गाठ सोडली आणि एकेक पान उलटलं. नादाराच्या मालमत्तेची यादी सापडली: वखार, दोन बैलगाड्या, तराजू, आणि चौथ्या ओळीवर "समुद्राकाठचे खळे". त्या ओळीवर शाईची आडवी रेघ होती.

"खोडलंय," तेजल कुजबुजली.

पुढच्या पानावर अंगठे होते, जांभळे, दोन रांगांत सहा-सहा. पहिल्याखाली लिहिलं होतं, तानीबाई. साखरबाईनं बोट जवळ नेलं, पण लावलं नाही.

मग ज्ञानेशनं तानीबाईची जबानी वाचली. "'ही जागा आमची नाही. समुद्राची आहे. आम्ही फक्त मासळी पसरतो. शेटने येथे कधी काही पसरले नाही.'"

तेजल आजीकडे वळली. "आजी, पणजी तर म्हणतेय जागा आमची नाही!"

"बोलली असंल," साखरबाई म्हणाली. "खोटं नाय बोलायची ती."

शेवटी हुकूम होता, टंकलेखन यंत्रावरचा: खळे नादाराच्या मालकीचे असल्याचे शाबीत नाही, सबब यादीतून वगळावे.

मग धावपळ सुरू झाली. त्या पक्षकार नव्हत्या, म्हणून प्रतिज्ञापत्र हवं होतं. साखरबाई त्या वेळच्या हरकतदार तानीबाईची मुलगी, हे त्यात लिहून झालं. कोर्ट फीचे स्टॅम्प कमी पडले, तेव्हा जमुना रस्ता ओलांडून घेऊन आली. तातडीची फी भरली. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजायला दहा मिनिटं असताना शिक्का मारलेली, सही केलेली नक्कल तेजलच्या हातात पडली.

शुक्रवारी मंडळ अधिकाऱ्यांच्या कचेरीत बसायला जागा उरली नव्हती. खळ्यातल्या बाया टेम्पो करून आल्या होत्या. दर्पणच्या वकिलानं नक्कल वाचली आणि त्याचे डोळे चमकले.

"साहेब, यांची आईच सांगते की जागा आमची नाही. मग यांची हरकत कसली?"

खोलीत गलका झाला. तेजलनं आजीचा हात दाबला. साखरबाई उठली.

"आयेनं खरं सांगितलं, साहेब. आमची नाय. मोठ्या उधानाला दर्या ती घेऊन जातंय, मंग परत देतंय. आमी मासली पसरतो. पन आयेनं आनखी एक सांगितलंय, ते वकीलसाहेबांनी नाय वाचलं. शेटनं कदी काय पसरलं नाय."

"जाग्यावर साधं धोतर नाय वालत घातलं!" मागून जमुना ओरडली.

अधिकाऱ्यांनाही हसू आवरलं नाही. त्यांनी हुकमाचं पान दोनदा वाचलं आणि दर्पणकडे पाहिलं.

"तुमच्या घरच्या नादारीत कोर्टाने ही जागा यादीतून काढली. तेव्हा वरच्या कोर्टात कोणी गेलं होतं का? आणि नारायण मोरेश्वरांच्या वहिवाटीचा एक तरी कागद आहे का?"

दर्पणनं वकिलाकडे पाहिलं. वकील कागद चाळू लागला.

"आज प्रश्न या बायांचं नाव लावायचा नाही," अधिकारी म्हणाले. "तुमचं लावायचा आहे. ते लागत नाही. नोंद नामंजूर."

बाहेर येईपर्यंत बायांनी दम धरला. मग जो कल्ला झाला त्यानं चहावाल्याचं भांडं उतू गेलं. टेम्पोत साखरबाईला ड्रायव्हरशेजारची जागा दिली होती. ती तिथे बसली नाही, मागे सगळ्यांत जाऊन बसली.

"गो तेजल, वाच," जमुना म्हणाली. "अंगठेवाल्या बायांची नावं वाच. माज्या सासूचं हाय का त्यात?"

"हाय," तेजल बोलण्याआधीच साखरबाई म्हणाली. "सातवी."

तेजलनं कागद उघडला, बोटानं सातव्यापर्यंत मोजलं आणि जमुनेच्या सासूचं नाव मोठ्यानं वाचलं.