ठकीचे मोडलेले लग्न

मी ठकी बोलते आहे. फणसाच्या लाकडाची, तांबडे लुगडे रंगवलेली, वीतभर उंचीची बाहुली. माझे ओठही रंगवलेलेच आहेत, ते उघडत नाहीत. म्हणून जे जे पाहिले ते आजवर गिळले. आज सांगणार आहे, आणि गोड करून सांगणार नाही.

चौलच्या कोंडाजी सुताराने मला घडवले, ते अंबिकेसाठी. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि तिच्या बोचक्यातून मी नागावच्या या घरी आले. "सासरी आलीस, आता खेळ पुरे," असे म्हणून तिच्या सासूने मला माळ्यावर टाकले. अंबिकेची मुलगी कमळ चालू लागली, तेव्हा कुठे मला पुन्हा उजेड दिसला.

कमळने मला जपले. मात्र मे महिना आला की माझ्या अंगावर काटा उभा राही. शाळेला सुट्टी लागे, मुंबईची भावंडे बोटीने मांडव्याला उतरून गाडीने येत, आणि मोठ्या माणसांना एकच चिंता पडे : मुलांना दुपारभर कशात तरी गुंतवावे, म्हणजे आपल्याला पान खाऊन ओटीवर लवंडता येईल. फणसाच्या चिकाने बरबटलेले हात माझ्या तोंडावरून फिरत. आंब्याच्या कोयी माझ्या कपाळावर घासल्या जात. मला किळस येई. परंतु मुलांची घाण तेल-पाण्याने जाते. मोठ्यांची जात नाही, हे मला सन एकोणतीसच्या सुट्टीत कळले.

त्या वर्षी कमळचे वडील दादा स्वतःच म्हणाले, "या सुट्टीत ठकीचं लग्न लावू. खरा मांडव घालू, जेवण घालू!" मुले नाचू लागली. मी मात्र थक्क झाले. या गृहस्थाने मुलांच्या खेळाकडे कधी ढुंकून पाहिले नव्हते.

कारण दुसऱ्या दिवशी कळले. रेवदंड्याच्या नीराबाई आपल्या तिशी उलटलेल्या बिजवर भावासाठी मुलगी शोधत होत्या. उघड दाखवून नकार आला तर मुलीला नावे ठेवली जातात. म्हणून बाहुलीच्या लग्नाला यायचे आणि कमळ कशी वाकते, कशी वाढते, कशी बोलते ते पाहून घ्यायचे, असे ठरले होते. "लहान मुलींची लग्नं बंद करणारा कायदा येतोय म्हणतात," दादा अंबिकेला सांगत होते, "त्याच्या आत उरकून टाकू." अंबिका खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली.

हे सारे दाराआडून कमळने ऐकले. ती अकरा वर्षांची होती आणि चौथी उत्तीर्ण झाली होती. ती सरळ ओटीवर गेली.

"दादा, मला लग्न नको. मला पाचवीत जायचंय."

दादांनी अडकित्त्यावरची नजरही वर केली नाही. "जा, खेळ जा. सुट्टी आहे ना?"

ती माझ्यापाशी आली. रडली नाही. तिने मला मुठीत घट्ट आवळले.

लग्नाच्या दिवशी घरापुढच्या खळ्यात झावळ्यांचा मांडव उभा राहिला. वर होता कमळच्या चुलतभावाचा, हरीचा, चिंध्यांचा बाहुला. त्याला कोळशाच्या मिशा काढल्या होत्या. मागच्या सुट्टीत त्याचे शेजारच्या बाहुलीशी लग्न लागले होते. तिला कुत्र्याने पळवले.

"वरपक्षाला पन्हं आणा!" हरी ओरडला. "आमचा मुलगा पगारदार आहे!"

"पगारदार म्हणे! नाकातून कापूस गळतोय त्याच्या," कमळ म्हणाली.

सगळे हसले. "पोर बोलकी आहे हो," असे म्हणत नीराबाईंनी तिला न्याहाळले. घेण्याआधी नारळ कानाशी हलवून पाहावा, तशी ती नजर होती. मी लाकडाची, तरी शहारले.

अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टके संपत आली. अक्षता सर्वांच्या मुठीत होत्या. तोच कमळने मला पाटावरून उचलले.

"थांबा! हे लग्न होणार नाही."

"अहो विहीणबाई, आता कसं?" हरी गांगरला. "जिलब्या तळून झाल्या!"

"तुमचा मुलगा बिजवर आहे. आमच्या ठकीला पाचवीत जायचंय. तिला कुणी विचारलं?"

ओटीवरचे पुरुष पोट धरधरून हसले. दादाही हसले. नीराबाई तेवढ्या पांढऱ्याफटक पडल्या.

"अक्षता हातात असताना लग्न मोडलं! दादा, हा अपशकुन आहे."

"अहो, बाहुलीचं लग्न ते!"

"बाहुलीचं का असेना. मांडव तो मांडवच. माझ्या भावाचा एक संसार आधीच बुडालाय. गाडी जुंपायला सांगा."

त्या न जेवता निघून गेल्या. गाडी वळणाआड होताच दादांनी मला कमळच्या हातातून हिसकावले आणि वाडीत भिरकावले. पोफळीच्या बुंध्यावर आपटून माझा उजवा हात तुटला व मी पाण्याच्या पाटातल्या चिखलात पडले.

तिन्हीसांजेला अंबिका आली. तिने मला उचलले, पदराने तोंड पुसले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्या वेळी का नाही गं सुचलं तुला, ठके?"

 

मांडवात लग्न मोडलेले घर म्हणून पुढे कित्येक दिवस इथे स्थळ फिरकले नाही. जूनमध्ये कमळ पाचवीत बसली. यंदा ती सातवीची परीक्षा उत्तीर्ण झाली. दादा तिचा निकाल येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या अभिमानाने सांगतात.

मी आता माजघरातल्या कोनाड्यात, तोंड भिंतीकडे करून उभी आहे. शुभकार्याला निघताना माझे दर्शन होऊ नये, असा घराचा नियम आहे. त्याचे मला दुःख नाही. घृणा वाटते ती एका गोष्टीची. कमळ स्वच्छ शब्दांत बोलली, तेव्हा तिच्या बोलण्याला कोणी किंमत दिली नाही. लाकडाच्या लग्नाला मात्र सारे भ्याले.

पुन्हा मे महिना आला आहे. तुमच्या ओटीवर एखादी मुलगी येईल आणि काही सांगू लागेल. अडकित्ता खाली ठेवा, आणि तिला "जा, खेळ" म्हणू नका. अपशकुन करायला प्रत्येक घरी ठकी नसते.