येतो गं

किल्लीवाले आजोबा घराबाहेर पडताना दोनदा म्हणायचे, "येतो गं." एकदा दार ओढायच्या आधी आणि एकदा कुलूप लावून झाल्यावर. आत कोणीच नव्हतं. आजी जाऊन वर्ष उलटलं होतं आणि घरात आवाज करायला उरला होता तो एक गळका नळ.

जन्मभर त्यांनी लोकांच्या किल्ल्या करून दिल्या. किल्ली हरवली, कुलूप गंजलं, पोरगं आतून कडी लावून बसलं, की आजोबांना बोलावणं यायचं. आजी म्हणायची, साऱ्या जगाची कुलपं उघडता, स्वतःचं तोंड तेवढं उघडत नाही. खरंच होतं ते. माणूस पहिल्यापासून घुम्या. आजीच्या वाट्याला रोज हमखास एकच शब्द यायचा, निघतानाचा. ती भांडी घासता घासता, मागे न बघता म्हणायची, "या." ते ऐकलं की आजोबांचे पाय हलायचे. नळाच्या आवाजात ऐकू आलं नाही तर ते पुन्हा म्हणायचे. आता ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, पण हे पायांना कोण समजावणार? म्हणून दोनदा म्हणायचं, जरा वेळ बंद दाराकडे बघायचं आणि मग चोरासारखं गुपचूप जिना उतरायचं.

एका सकाळी दुसऱ्यांदा म्हणायच्या आतच आवाज आला, "या."

आजोबांच्या हातातली किल्ली खाली पडली. आवाज पाठीमागून आला होता, समोरच्या बंद दारातून. तिथे एक मुलगी भाड्याने राहत होती. दवाखान्याच्या धुलाईघरात रात्रपाळी करायची आणि दिवसा झोपायची, म्हणून सगळी इमारत तिला घुबड म्हणायची. आल्या आल्याच तिने बेल दाबणाऱ्या दूधवाल्याची अशी खरडपट्टी काढली होती, की तो बिचारा त्या मजल्यावर चवड्यांवर चालायचा. तिच्या दारावर टकटक करायची आजोबांची काय बिशाद. त्यांनी किल्ली उचलली आणि उतरले. पाय मात्र आपसूक हलले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. झोपेने जड झालेला, वैतागलेला आवाज, "या." मग रोजचंच झालं. आजोबा आता एकदाच म्हणायचे. दिवसभरात त्यांच्याशी कोणी बोललंच तर ते एवढंच. बाजारातून आलं की भाजी निवडायची, रेडिओ लावायचा, बंद करायचा, आजीची घराची किल्ली खिळ्याला लटकत होती तिच्यावरची धूळ पुसायची. संध्याकाळी घर खायला उठलं की उद्या सकाळची वाट बघायची.

मध्ये एकदा त्यांना बाजारात चक्कर आली. बाकावर बसले आणि तिथेच डोळा लागला. परत यायला चांगलीच दुपार झाली. जिन्यात समोरून एक मुलगी धाडधाड उतरत आली. केसांचं टोपलं, एका पायात निळी चप्पल, दुसऱ्या पायात लाल. आजोबांना बघून ती थांबली, खाऊ का गिळू अशा नजरेने त्यांच्याकडे बघितलं आणि एक अक्षर न बोलता आल्या पावली वर गेली. हल्लीची पोरं, म्हणत आजोबा कठडा धरून चढत राहिले.

आता इमारत म्हटली की कान आलेच. तळमजल्यावरच्या बाईंचं अर्धं आयुष्य खिडकीत आणि उरलेलं फोनवर जायचं. त्यांना आजोबांचं "येतो गं" ऐकू यायचं, समोरचं "या" काही ऐकू यायचं नाही. त्यांनी आजोबांच्या लेकीला फोन केला. तुमचे बाबा हल्ली भिंतीशी बोलतात, म्हणाल्या. काळजीनेच केला असेल, पण तिखटमीठ लावल्याशिवाय त्यांची काळजी शिजायची नाही.

लेक लांबच्या गावी, नोकरी आणि दोन पोरं सांभाळून मेटाकुटीला आलेली. बाबा पडले-बिडले तर कळणार कुणाला, हा किडा तिच्या डोक्यात आधीच वळवळत होता. तिने वृद्धाश्रम ठरवूनच टाकला. बाग आहे, डॉक्टर आहेत, तुमच्या वयाची माणसं आहेत, रविवारी गाडी घेऊन येते, बॅग भरून ठेवा. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तिथे खोलीला कुलूप असतं का? लेक म्हणाली, नाही हो बाबा, तिथे कुलपाची गरजच नाही.

मला जायचं नाही, हे म्हणायला तोंड उघडावं लागतं. ते त्यांना जमलं नाही. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी लेक आली. तिने बॅगेत काय भरलंय ते बघितलं. दोन सदरे, चष्म्याचं घर आणि किल्ल्या घासायची कानस. कानस बाहेर काढावी की राहू द्यावी, हे तिला कळेना. तिचे डोळे भरून आले, पण ती बॅग उचलून बाहेर आली. आजोबांनी दार ओढलं. कुलूप लावताना किल्ली दोनदा घसरली. मग त्यांनी दाराला तळहात टेकवला आणि म्हणाले, "जातो."

समोरचं दार धाडकन उघडलं. केसांचं टोपलं घेऊन घुबड उभी होती. एका पायात निळी चप्पल, दुसऱ्यात लाल.

"काय म्हणालात?"

आजोबा त्या चपलांकडेच बघत राहिले.

"जातो म्हणालात तुम्ही. रोज येतो म्हणता. आज जातो म्हणालात."

लेक मध्ये पडली. बाबांना एकटं ठेवणं आता बरोबर नाही, ते एकटेच बडबडतात, म्हणून त्यांना नेतेय, असं तिने समजावून सांगितलं. घुबडीचा पारा चढला.

"एकटे कुठे? माझ्याशी बोलतात. आधी दोनदा ओरडायचे, माझी झोपमोड व्हायची. एकदा या म्हटलं तर गप निघून गेले. म्हणून म्हणते रोज."

"तुम्ही ओळखता ह्यांना?" लेकीने विचारलं.

"नाही. नावसुद्धा माहीत नाही. पण गेल्याचं कळतं ना, मग आल्याचंही कळतं. कुलपात किल्ली फिरल्याशिवाय मला गाढ झोप लागत नाही. त्या दिवशी फिरली नाही, तर अर्ध्या झोपेत शोधायला निघाले होते मी ह्यांना." आणि आजोबांकडे वळून म्हणाली, "सांगायचं तरी ना, उशीर होईल म्हणून."

लेक मटकन पायरीवर बसली. पडले-बिडले तर कळणार कुणाला, हे ती इतके दिवस स्वतःलाच विचारत होती. तिने हातातली बॅग खाली ठेवली.

आजोबांनी खाकरून घसा साफ केला. "मला इथेच राहायचंय," म्हणाले. गंजलेलं कुलूप उघडावं तसा आवाज आला, पण आला.

घुबडीने दार लावून घेतलं. लेक जेवून, नळ दुरुस्त करून घ्यायची तंबी देऊन निघाली. महिनाभर बघू, म्हणाली. गाडी वळेपर्यंत आजोबा खिडकीत उभे होते. मग घर पुन्हा तसंच झालं, टप टप करणारं.

दिवेलागणीला समोरचं कुलूप वाजलं. ती कामावर निघाली होती. इतके दिवस ती अशीच जायची. सांगायला तिच्या घरात तरी कोण होतं? आजोबांनी आजीची किल्ली खिळ्यावरून काढून तिला द्यायची म्हणून मुठीत धरली आणि दारापर्यंत गेले, पण दार उघडायचा धीर होईना. पावलं जिन्याशी पोचली तेव्हा ते आतूनच म्हणाले, "ये गं. सावकाश."

पावलं थांबली.

"सकाळी येईन," ती करवादली. "रात्रभर जागत बसू नका."

मग पावलं उतरत गेली.