येसूच्या टाचा

“तिसऱ्या भागाचं विचारतीलच. दिवाळी सांगून टाका,” गोपाळराव माझ्या कानाशी वाकून म्हणाले आणि लगेच हसऱ्या चेहऱ्यानं लोकांकडे पाहू लागले. माझी पुस्तकं तेच छापतात.

“दिवाळीले काय देऊ? चकल्या?” मी म्हटलं.

त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. महाल भागातल्या वाचनालयाचा वरचा हॉल. चैत्रातला रविवार, सकाळचे दहा, तरी कूलर घरघरायला लागला होता. समोर साठेक माणसं. मागे कापडी फलकावर माझा फोटो आणि खाली लिहिलेलं, ‘चौथी शिकलेल्या ऐतिहासिक कादंबरीकार अनसूया पौनीकर यांना विचारा’. त्यातलं ‘चौथी शिकलेल्या’ माझ्या नावाहून मोठ्या अक्षरात. नावापेक्षा शाळा मोठी, तीही अर्धवट सुटलेली.

तिसरा भाग नव्हताच. दिवाळीला नव्हता, पुढच्या दिवाळीला नव्हता. सात महिन्यांत एक ओळ झाली नव्हती.

आमच्या घरी पुस्तक कसं व्हायचं ते सांगते. हे मात्र मी माझ्याच हातानं लिहिते आहे. दिवसाला दहा ओळी होतात, त्याही कोंबडीच्या पायांसारख्या. कादंबरी अशानं होत नाही. दुपारी जेवणं आटोपली की मी स्वयंपाकघरात पाटावर बसायची, सुपात तूरडाळ निवडायला. सून प्रेमिला समोरच्या भिंतीला डोकं टेकून बसायची, मांडीवर लांब रजिस्टर. मी बोलायची, ती लिहायची. माझे वडील चंपतराव हातमागावर बसून जे सांगत तेच मी वाढवत न्यायची. भोसल्यांच्या हत्तींच्या झुली विणणारी म्हाळसा, तिचा लेक राघो, सून येसू आणि सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी झालेली लढाई. मी अडले की प्रेमिला मान वर न करता म्हणायची, “मंग, आई?” एवढंच. आणि मला पुढचं दिसायचं.

पहिलं पुस्तक निघालं तेव्हा गोपाळरावांनी विचारलं होतं, “आत कुठंतरी सुनेचंही नाव टाकायचं का?” प्रेमिला तेव्हाच चहा घेऊन आली होती. तिच्यादेखत मी म्हटलं, “लिहाले बोटं लागते गोपाळराव, सांगाले डोकं लागते. बोटाचं नाव कोणी छापते का?” ती हसली. कप ठेवले आणि आत गेली. बी.ए. झालेली पोर.

छापलेलं पुस्तक मी कधी वाचून घेतलं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू हे निमित्त होतं. प्रेमिला दोनदा म्हणाली, “आई, वाचून दाखवू का?”

“माह्यंच सांगतलेलं मलेच काय वाचून दाखवतं वं? माह्या विहिरीचं पाणी मलेच विकून राहिली का?”

तिसऱ्यांदा ती म्हणाली नाही.

भादव्यात तिला डेंग्यू झाला. नऊ दिवस दवाखान्यात होती, दहाव्या दिवशी घरी आणली ती चौघांच्या खांद्यावर न्यायलाच. तिसऱ्या भागाचं रजिस्टर फळीवर होतं. येसू नागनदीच्या काठी उभी राहून राघोची वाट पाहते आहे, तिथं थांबलेलं.

त्यानंतर मी काय नाही केलं? माझ्या मुलानं, अश्विननं, समोर मोबाइल ठेवला. “बोल आई, हा सारं ऐकते.” ऐकतो, पण विचारत नाही. मग टायपिंग करणारी मेघा नावाची मुलगी लावली. तिचे डोळे पडद्यावर, बोटं तुरुतुरु. मी अडले की तीही थांबायची आणि स्वतःची नखं पाहायची. चार दिवसांत मीच तिला नको म्हटलं. आता दुपारी सूप घेऊन बसते आणि निवडलेलीच डाळ परत निवडते. म्हाळसा येत नाही. येसू येत नाही. देवासमोर बसून पाहिलं, वडिलांच्या फोटोसमोर बसून पाहिलं, एकदा तर रजिस्टर उशाला घेऊन झोपले. आत सगळं रिकामं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, कोणापुढे रडू? लोक एकच म्हणतील, बोटं गेली तर डोकं कुठं गेलं?

म्हणून ठरवून आले होते. दिवाळी सांगायची. खोटं तर खोटं.

पहिले उठले ते देवाजी नावाचे पेन्शनर. पांढरा शर्ट, हातात प्रश्न लिहिलेला कागद. “बाई, पहिल्या पुस्तकात हत्तीच्या झुलीचा रंग तुम्ही किरमिजी दिला. पुरावा काय?”

“माह्या आज्याच्या आज्यानं विणली ते. तुमच्या आज्यानं पाह्यली होती का?”

लोक हसले. देवाजी हटले नाहीत. “तसं नाही, जुन्या दप्तरात काही नोंद...”

“दप्तरात हत्तीची नोंद असते गा भाऊ, झूल विणणाऱ्याची नसते. म्हणून तं पुस्तक लिहा लागते.”

टाळ्या वाजल्या. बरं वाटलं. तोंड तरी अजून चालत होतं.

दुसऱ्या रांगेतली एक बाई पदर सावरत उभी राहिली. “राघो जिता आहे का हो? तेवढं सांगून द्या. माह्या सासूबाई ऐंशीच्या आहेत, रोज विचारतात.”

“त्यायले म्हणा, धीर धरा.”

“ऐंशीव्या वर्षी कायचा धीर धरते बाप्पा कोणी!”

सगळा हॉल हसला. मीही हसले. राघो जिवंत आहे की टेकडीवरच मेला, हे मला कुठं माहीत होतं? ते मला कधीच आधी माहीत नसायचं. ते ‘मंग’ म्हटल्यावर कळायचं.

“मग बाई, तिसरा भाग कधी?” गोपाळरावांनी गोड आवाजात विचारलं.

“दिवाळीले,” मी म्हटलं.

काय टाळ्या वाजल्या! दुसऱ्या रांगेतली बाई तर शेजारणीच्या मांडीवर हात मारून हसली. मी पाणी प्यायले.

तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. दीक्षा तिचं नाव, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे असं म्हणाली. पोटाशी माझं दुसरं पुस्तक धरलेलं, ‘टेकडीवरच्या दोघी’. पानात बसची तिकिटं खुणेला घातलेली.

“आजी, तो टाचांचा प्रसंग तुम्हाले सुचला कसा?”

“कोणता?”

तिला वाटलं मी परीक्षा घेते आहे. “शेवटून दुसरा ना. लढाई संपल्यावर दोघी सासू-सून दिवसभर टेकडीवर मुडदे उलटून उलटून राघोले शोधतात. तो भेटत नाही. घरी येतात. येसूच्या टाचा फुटून रक्त येऊन राहिलं असते. अन् म्हाळसा, जी पुस्तकभर तिले घालून पाडून बोलते, ते काहीच न बोलता तिचे पाय मांडीवर घेते आणि भेगांत मेण भरते. मी हे माह्या आईले वाचून दाखवलं. आई उठून आत चालली गेली.”

मी असं सांगितलं नव्हतं.

माझी म्हाळसा टेकडीवरून घरी आली, चूल पेटवली आणि येसूला म्हणाली, “तोंड काय पाहत बसली, पीठ मळ.” मी एवढंच सांगितलं होतं. मला चांगलं आठवतं, कारण ते सांगून मी स्वतःवरच खूश झाले होते, की बाई असावी तर अशी. त्या दुपारी प्रेमिलानं विचारलं होतं, “मंग, आई?”

“मंग काय? संपलं.”

तिनं रजिस्टर मिटलं नाही. मग परत, हळू, “मंग?”

“बहिरी आहेस का वं? संपलं म्हटलं ना!”

दर हिवाळ्यात प्रेमिलाच्या टाचा फुटायच्या. दिवसभर त्या थंड फरशीवर उभी असायची. कधी कधी ओट्यापासून दारापर्यंत फरशीवर लाल ठिपके उमटायचे, ती ते पायपुसण्यानं पुसून घ्यायची. मी म्हणायची, “टाचा झाकत जाय वं, लोक म्हणतील सासूनं नांगराले जुंपली.” मेणाची वाटी माझ्या खाटेखाली असायची, माझ्या गुडघ्यांच्या तेलाशेजारी. हात लांब केला की लागेल इतकी जवळ. मी कधी पुढे केली नाही. तिनं कधी मागितली नाही.

“आजी?” दीक्षा अजून उभीच होती.

“ते मी नाही सांगतलं,” मी म्हटलं.

गोपाळराव चटकन पुढं सरकले. “बाईंच्या बोलण्याचा अर्थ असा, की लेखकाला कधीकधी...”

“अर्थ तुमच्यापाशी ठेवा, गोपाळराव.” मी माइक दोन्ही हातांनी धरला. “ते माह्या सुनेनं लिहलं. प्रेमिला तिचं नाव. दोन्ही पुस्तकं तिच्या हातची आहेत. मी निसती सांगत होती. आन् जे मी सांगतलं नाही, सांगाची मले अक्कल नव्हती, ते बी तिनंच लिहलं. मले हे आत्ता माहीत पडलं. तुमच्यासमोर.”

गोपाळराव खुर्चीत मागे सरकले.

“त्या आल्या आहेत का इथं?” देवाजींनी विचारलं. प्रश्नांचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला होता.

“भादव्यात गेली.”

दुसऱ्या रांगेतली बाई अर्धवट उठली. “मंग ते दिवाळीचं...”

“खोटं होतं. तिसरा भाग नाही होत, बाई. तुह्या सासूले सांग, राघोचं मलेच माहीत नाही. ज्या दुपारी समजलं असतं, ते दुपारच आली नाही.”

टाळ्या वाजल्या नाहीत. बरं झालं. गोपाळरावांनी आभार मानले, पण कोणाचे ते मला ऐकू आलं नाही. जिना उतरताना दीक्षा खाली उभी दिसली. तिनं सही मागितली नाही. माझा हात धरून शेवटची पायरी उतरवून दिली, आणि आपल्या वाटेनं गेली.

घरी आल्या आल्या अश्विनला म्हटलं, “फळीवरून दुसरं पुस्तक काढ. शेवटून दुसरा प्रसंग वाच.”

“आत्ता? जेवून तं घे, आई.”

“वाच म्हटलं ना.”

त्यानंही कधी वाचलेलं नव्हतं. बायकोनं लिहिलेलं, आईच्या नावाचं. घरचंच आहे, केव्हाही वाचू म्हणून ते तसंच राहिलं होतं. तो उभ्याउभ्याच वाचू लागला, शाळेतल्या पोरासारखा, एका सुरात. मी पाटावर बसले. समोरची भिंत रिकामी होती. बसल्या माणसाचं डोकं जिथं टेकतं तिथं तेलाचा एक गोल डाग होता. गेल्या दिवाळीला घर रंगवायचं म्हणत होतो, ते राहून गेलं होतं.

“‘म्हाळसेनं चुलीशेजारची वाटी ओढली,’” अश्विन वाचत होता. “‘येसूला वाटलं, आता पीठ मळायला सांगतील. ती उठू लागली. बस, म्हाळसा म्हणाली. तिनं येसूचा उजवा पाय मांडीवर घेतला. मेण पातळ झालं होतं. येसूनं पाय ओढून घ्यायला पाहिलं, पण म्हाळसेची पकड मागावर बसणाऱ्या बाईची होती. एकेक भेग भरून झाल्यावर तिनं दुसरा पाय घेतला. दोघी काही बोलल्या नाहीत.’”

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. वाचलं मात्र नाही.

“मंग?” मी म्हटलं.

त्यानं पान उलटून पाहिलं. “मंग काही नाही, आई. हा प्रसंग इथंच संपते.”

मी भिंतीवरच्या डागाकडे पाहत होते.

“मंग?” मी परत विचारलं.